टाकळीचं पाणी

तेरवीचं जेवण काल आटोपलं आणि आज सकाळी साडेनऊला हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्याचं शटर वर गेलं. मे महिना होता, ऊन आत्ताच अंगावर धावून येत होतं. जितेंद्रने केबिनमधला कूलर लावला, डीलर लोकांना पाठवायचं पत्र टेबलावर पसरलं आणि ते उडू नये म्हणून त्यावर एक जुना पितळी बुश ठेवला. पत्र त्याने स्वतः टाइप केलं होतं. बावन्न वर्षांच्या आयुष्यात त्याने इतकं सांभाळून काही लिहिलं नव्हतं.

'गेल्या दोन महिन्यांत आमच्या गोडी सबमर्सिबल पंपाच्या अडतीस मोटरी बंद पडल्या. चौकशीअंती असे आढळले की आमच्या एका फिटरने मोटरींचे सील परस्पर तोडले होते. सदर फिटर आता हयात नाहीत.' खाली गावंडे घरातल्या चौघा भागीदारांच्या सह्यांच्या जागा : वडील गणपतराव, आई पुष्पलता, स्वतः जितेंद्र आणि बहीण शामला.

सदर फिटर म्हणजे मनोहरराव. शामलाचा नवरा, या घरचा जावई, तीस वर्षं या घरच्या मोटरी लोकांच्या विहिरींत सोडणारा माणूस. गावंड्यांच्या घरात आवाज चढवून कुणी कुणाला मारत नाही, 'सदर' म्हणून मारतात.

पण जितेंद्रने आवाजही चढवला होता. पाच आठवड्यांपूर्वी मनोहररावांच्या थैलीत त्याला अकरा तुटलेली सिलं सापडली. मोटरी पटापट बंद पडत होत्या, फोनवर फोन येत होते, आणि थैलीतून ही लाल सिलं बाहेर पडली. बंद मोटरी आणि तुटकी सिलं, दोन आणि दोन चार झाले. त्याने ती सिलं शेडच्या मधोमध, सगळ्या कामगारांसमोर मनोहररावांच्या हातावर ओतली. "जवाई म्हून घेतलं होतं तुमाले, चोर म्हून नाही. उद्यापासून इथं पाय ठेवू नका." मनोहरराव मूठ मिटून गेटबाहेर गेले. तीन आठवड्यांनी कारंजाकडच्या एका शेतात, विहिरीतून गोडीचीच एक मोटर वर ओढताना, कप्पी टांगायची तीन पायांची लोखंडी घोडी कोलमडून त्यांच्या छातीवर पडली. ते एकटेच होते. शेतमालकाला अडीच तासांनी दिसले.

मेलेल्या माणसाविरुद्ध पत्र लिहिताना काही खटकलं का, असं जितेंद्रला कुणी विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. त्याला खरं ठरायचं होतं. तो चुकला असेल, तर मग तो त्या शेडमध्ये जे बोलला ते काय होतं, हा विचार त्याला पुरा करवत नव्हता.

काचेपलीकडे शेडमध्ये फोरमन दादाजी आणि आठ कामगार नव्या खेपेच्या मोटरी ओळीने उभ्या करत होते. आज पाणी पाजायचं होतं.

या मोटरीचं असं असतं, की तिच्या पोटात स्वच्छ पाणी काठोकाठ भरूनच तिला विहिरीत उतरवावं लागतं. तेच पाणी तिचं वंगण आणि तेच तिला थंड ठेवणार. बाकी कारखान्यांत नळी लावतात आणि मोकळे होतात. गावंड्यांकडे याला 'पाणी पाजणं' म्हणत, आणि ते पाणी टाकळीहून येई. टाकळी म्हणजे पूर्णाकाठच्या खाऱ्या पट्ट्यातलं त्यांचं मूळ गाव. चहूकडे तोंडात धरवणार नाही असं पाणी आणि मध्ये गावंड्यांची एकच विहीर गोड. गोडी विहीर म्हणूनच ती पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. गणपतरावांनी आयुष्यातला पहिला पंप तिच्यात सोडला आणि तिचंच नाव पंपाला दिलं. तेव्हापासून महिन्याला तिथून एक ड्रम येई. नव्या खेपेच्या दिवशी अख्खं घर हजर राही, म्हातारा पितळी लोट्याने पहिल्या मोटरीत पाणी ओते आणि म्हणे, "पी माय, आन् लोकाईले पाज." मग दादाजी त्याच ड्रममधून बाकीच्या मोटरी भरी. पाणी पाजण्याचा मराठीत दुसराही अर्थ आहे, आणि धंद्यात गणपतरावांनी भल्याभल्यांना तेही पाजलं होतं.

आता ते एक्क्याऐंशीचे होते. ड्रमशेजारच्या खुर्चीत, लोटा मांडीवर घेऊन, नऊ वाजल्यापासून बसले होते.

*

प्रताप नगरहून येणाऱ्या ऑटोत पुष्पलताबाई लेकीच्या पायांशी ठेवलेल्या निळ्या कॅनकडे सारख्या बघत होत्या. दहा लिटरची कॅन, झाकण घट्ट लावलेलं.

"हे कायले आणलं वं सोबत?" त्यांनी शेवटी विचारलं.

"पोलिसाईनं काल वापस केलं. गाडी, थैली आन् हे." शामलाने कॅनच्या कडीवरचा हात काढला नाही. "पंचनाम्यात लिवलं हाय. 'पाण्याने भरलेली निळी कॅन, एक.' भरलेली, आई. झाकन बी नाही उघडलं."

"असू दे ना मंग. घरीच ठेवाची होती."

"घरी मले सोसत नाही."

शामला पन्नाशीची होती आणि या तेरा दिवसांत रडून मोकळी झाली होती, असं सगळ्यांना वाटत होतं. ती रडत नव्हती, कारण तिचं डोकं एकाच जागी अडकलं होतं. किती वर्षं झाली, रोज सकाळी नळ आला की सगळ्यात आधी ती ही कॅन भरून मनोहरच्या गाडीवर ठेवत आली होती. प्यायला त्याची वेगळी बाटली असे. एकदा विचारलं तर म्हणाला, मोटर धुवाले लागते. मोटर धुवायला नळाचं पाणी कशाला, तेही विहिरीच्या काठावर? तिने पुन्हा विचारलं नाही. संसारात अशा पन्नास गोष्टी असतात ज्या पुन्हा विचारायच्या राहून जातात.

डॉक्टर म्हणाले होते, घोडी पडल्यावर तासभर तरी जीव असेल. बाटली गाडीला टांगलेली होती, दूर. कॅन हातभर अंतरावर होती. त्या उन्हात तासभर माणूस दहा लिटर पाण्याशेजारी पडून होता आणि त्याच्या तोंडात घोट गेला नाही. शामला इथे पोचली की तिच्या डोक्यातलं सगळं थांबे, आणि थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

"दादानं सही कराले बोलावलं," ती म्हणाली. "कायची सही हाय, तुले माहीत हाय ना?"

पुष्पलताबाईंनी पदराने चेहरा पुसला. "कारखान्याची असते काही ना काही," असं म्हणून त्या बाहेर बघू लागल्या.

*

मयुरा केबिनमध्ये शिरली ती दार न ठोठावता. जितेंद्रची ही एकुलती एक मुलगी, पंपातलीच इंजिनियर. दोन वर्षांत तिने आजोबांचा पंप पार बदलून टाकला होता. बिडाच्या जागी स्टेनलेस स्टीलचे पंखे आले, तेवढ्याच विजेत पाव पट जास्त पाणी वर येऊ लागलं. मोटरीचा सगळा भार ज्या चकत्यांवर फिरतो, त्यांच्यातली फट तिने केसाहून बारीक केली. आणि सगळ्यात शेवटी, या वर्षी, पाणी भरायच्या भोकावर लाल सील आणलं. फिटर लोक साइटवर मोटर उघडून वाटेल ते पाणी भरतात, ते बंद व्हावं म्हणून.

तिच्या एका हातात रजिस्टर होतं, दुसऱ्या हातात वर्तमानपत्राची पुडी.

"बाबा, पत्र थांबवा."

"काहून?"

"ती मोटर खोलली मी काल. कारंजाची. फुफाजी जी काढून राहिले होते."

तिने पुडी उलगडली. आत बेअरिंगची चकती होती. आरशासारखी असायला हवी होती. तिच्यावर पांढरी खरखरीत साय धरली होती आणि मधोमध खोल ओरखडे होते.

"मीठ," मयुरा म्हणाली. "अन् चुना. माझ्या फटीत हे अडकलं अन् मोटर जाम झाली. जुन्या ढिल्या बेअरिंगमध्ये खपून गेलं असतं."

"मंग त्यानंच भरलं असन खारं पाणी. मी तेच तं म्हणून राहिलो. सील तोडून—"

"सील सलामत होतं, बाबा. ते तोडायलाच गेले होते ते. तोडायच्या आधीच घोडी पडली."

मयुराने रजिस्टर उघडून बापाकडे फिरवलं.

"अडतीस मोटरी बंद पडल्या. अडतीसच्या अडतीस खोलताना सील जसंच्या तसं होतं, दादाजीनं लिहून ठेवलंय, आपण कुणी वाचलंच नाही. अन् सील तुटलेल्या ज्या अकरा आहेत, त्या अकराही ठिकाणी मी फोन लावला. सगळ्या सुरू आहेत. एक नाही बिघडली."

जितेंद्रने रजिस्टरकडे पाहिलं नाही.

"ड्रममधलं पाणी मोजलं मी," ती पुढे म्हणाली. "क्षार तेवीसशे टीडीएस. आपल्या घरच्या नळाचं दोनशे भरते. आबाजींची विहीर खारी झाली, बाबा. आजूबाजूला बोअर झाले, सगळ्यांनी ओढलं, गोडं संपलं अन् बाजूचं खारं आत आलं. ओढणारे पंप आपलेच होते."

"हळू बोल." जितेंद्र उठून काचेपाशी गेला. पलीकडे बाप खुर्चीत बसला होता. "हे त्याईले कोण सांगन? तू? त्या विहिरीच्या नावावर त्याईची जिंदगी गेली. रामदासपेठेतला डॉक्टर काय म्हणाला, ठाऊक हाय ना? किडनी गेली, आता टेन्शन द्यायचं नाही." मग त्याचा सूर बदलला, तो विनवू लागला. "अन् तुह्यावर नाही येणार का? लोक म्हणतीन, पोरीनं नवी बेअरिंग लावली अन् मोटरी बसल्या. तुह्या नावाची इज्जत काय राहीन?"

"येऊ द्या माझ्यावर."

"आयक. मी सदर फिटरचं वाक्य काढून टाकतो. 'तांत्रिक कारण' लिवतो. पाणी उद्यापासून गुपचूप नळाचं भरू. त्याचं नाव नाही, तुहं नाही, बाबाचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण क्षणभर मयुराला ते बरं वाटलं. कुणाचंच नाव नको. तिने चकती पुन्हा कागदात गुंडाळायला घेतली.

"नाव काढून कसं चालन, दादा?"

शामला दारात उभी होती. हातात निळी कॅन, मागे आई. ती केव्हापासून ऐकत होती कुणास ठाऊक.

"नाव तू त्या शेडमंदी घेतलं होतं, सगळ्यायसमोर. कागदावून काढलं तं तिथून निघते का?"

"शामल, बस आधी. पाणी घे—"

"पाणी मी आणलं माह्यं." तिने कॅन टेबलावर, पत्रावरच ठेवली. "मयुरा, तुह्या त्या यंत्रानं हे बी मोजून पाय."

मयुराने झाकण काढलं. पेनाएवढं मीटर पाण्यात बुडवलं, आकडा स्थिर व्हायची वाट पाहिली. तिचा चेहरा उतरत गेला.

"दोनशे," ती म्हणाली. "हे नळाचं पाणी आहे, आत्या. हे ते मोटरीत भरायला न्यायचे. आपलं खारं पाणी काढून टाकायचे, अन् हे भरायचे."

"मीच भरून द्यायची," शामला म्हणाली. "रोज."

मयुरा खुर्चीत बसली. आता बोलल्यावाचून तिला राहवेना. "दिवाळीत आले होते माझ्याकडे. म्हणाले, 'बेटा, सील नको लावू, फिटरले हात घालाले जागा ठेव.' मी विचारलं काहून, तर म्हणे 'असंच'. मी हसली. मले वाटलं, म्हातारे झाले, नवीन काही नको असते यांना."

"त्याईनं सांगतलं काहून नाही मंग?" जितेंद्रचा आवाज फाटला. त्याला अजून कुठेतरी फट सापडते का ते बघायचं होतं. "मी हातावर सिलं ओतली तवा एक शब्द बोलाचा होता. मी काय त्याईचं तोंड शिवलं होतं?"

"हळू बोला रे," पुष्पलताबाई म्हणाल्या. "बुढा ऐकन."

त्या दाराशीच उभ्या होत्या. त्यांच्या बोलण्यात काहीतरी कमी होतं, ते सगळ्यांआधी शामलाच्या लक्षात आलं. आईला आश्चर्य वाटलं नव्हतं.

"आई," ती म्हणाली. "तुले माहीत होतं?"

*

पुष्पलताबाई शहात्तर वर्षांच्या होत्या. त्यातली अठ्ठावन्न वर्षं त्यांनी नवऱ्याला एकदाही 'नाही' म्हटलं नव्हतं. त्याचं त्यांना कौतुक नव्हतं आणि खंतही नव्हती, सवय होती. नवी नवरी म्हणून टाकळीला आल्या तेव्हा बाया त्यांना सांगत, तुहं नशीब चांगलं, गोड्या विहिरीवर पडली. नऊ वर्षांपूर्वी गावच्या भंडाऱ्याला त्यांनी त्याच विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत घातली. तीन तास झाले तरी दाणा दाण्यासारखा राहिला. त्यांनी पाणी चाखलं. मग इकडेतिकडे पाहिलं आणि डाळीत गपचूप टँकरचं पाणी ओतलं.

ते नवऱ्याला सांगणं शक्यच नव्हतं. जितेंद्रला सांगावं तर त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. राहिला जावई.

"मी म्हटलं त्याले," त्या आता म्हणाल्या. "म्हटलं, मनोहरराव, बुढ्याले नका सांगू, जीव जाईन त्याचा. साइटवर गेले का तेवढं पाणी बदलवत जा. कोणाले बोलू नका. माह्या गळ्याची शपथ घातली." त्यांचा हात आपोआप गळ्याकडे गेला. "त्यानं मंग सगळ्या फिटराईले तशीच सवय लावली. नऊ वर्षं कोणाले कळलं नाही. पोरीनं सील लावलं आन् अडचण झाली."

"आन् दादानं त्याले चोर म्हटलं तवा?"

"मले वाटलं, दोन दिवसांनी शांत होईन. घरातलं भांडण..."

"आन् थो मेला तवा? तेरा दिवस तू माह्याजवळ झोपली, आई. तेरा दिवस."

पुष्पलताबाईंनी तेरा दिवस याचंच उत्तर शोधलं होतं. बोलले तर नवरा जातो, आणि जावई तर गेलाच आहे, असा त्यांचा हिशोब होता, आणि तो मांडल्यापासून त्यांच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता.

"त्या दिवशी थो घरी आला, जेवला नाही," शामला सांगू लागली, कुणाला असं नाही. "मी इचारलं, सील काहून तोडत होते? तं म्हणे, 'तुह्या आईले विचार.' मले वाटलं चिडला. नवरे म्हणतात ना असं. मी बी तोंडातल्या तोंडात काही म्हटलं आन् भांडे घासाले गेली." ती हसल्यासारखी झाली. "खरंच विचाराले सांगत होता थो."

काचेवर टकटक झाली. दादाजी होता. "मोठे मालक बोलावून राहिले. म्हणते, ऊन चढते, पाणी पाजा लवकर."

शामलाने कॅन उचलली. जितेंद्र तिच्या वाटेत आला. "शामल, पाया पडतो तुह्या. बाबाले नको सांगू. मी पत्र फाडतो. मी सगळं करतो."

"मले पत्र नाही पाह्यजे," ती म्हणाली. "थो चोर नव्हता, एवढं पाह्यजे. जिथं तू म्हटलं, तिथंच."

"सांग, आत्या," मयुरा उठून तिच्या बाजूला उभी राहिली. जितेंद्रने लेकीकडे पाहिलं. तिने नजर हलवली नाही.

*

गणपतरावांना सगळं ऐकू आलं नव्हतं, पण काचेमागे चार तोंडं हलताना दिसत होती, आणि पोरांची भांडणं आवाजावाचून ओळखायला माणूस बाप असला की पुरे. ते वाट बघत होते. मनोहर गेल्यापासून त्यांना एकच गोष्ट खुपत होती : तो सील का तोडत होता, हे त्यांनी त्याला कधी बोलावून विचारलं नाही. जितेंद्रने चोर म्हटल्याचं कळलं, तेव्हा ते म्हणाले होते, "कारखाना त्याचा हाय, पायीन थो." वय झालं की माणसाला असं बाजूला व्हायची सवय लागते, आणि ती सोयीची असते.

शामला त्यांच्यासमोर आली. तिने त्यांच्या मांडीवरचा लोटा घेतला, ड्रममध्ये बुडवला आणि भरून त्यांच्यापुढे धरला.

"बाबा, आज पयले तुमी प्या."

"मले कायले वं? डॉक्टरनं पाणी मोजून देलं."

"एक घोट."

गणपतरावांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग लोटा घेतला. दोन्ही हातांनी धरून एक मोठा घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. टाकळीचं पाणी त्यांनी कितीतरी वर्षांत प्यायलं नव्हतं. मोटरींना पाजलं होतं फक्त.

"गोड हाय," ते म्हणाले.

जितेंद्रने श्वास सोडला. शामला जागची हलली नाही.

तेव्हा पुष्पलताबाई पुढे आल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातून लोटा काढून घेतला. त्यांनी तसं कधी केलं नव्हतं, त्यामुळे तो चटकन सुटला. त्यांनी घोट घेतला आणि बाजूला थुंकला.

"खारं हाय," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षांपासून खारं हाय. मले माहीत होतं. मनोहररावाले माहीत होतं. तुमाले दुःख नको म्हून थो नळाचं पाणी घेऊन फिरे आन् तुमचं पाणी सांडून देत जाय. सील त्याच्यासाठी तोडे. मीच सांगतलं होतं त्याले."

गणपतरावांनी ओळीने उभ्या मोटरींकडे पाहिलं. बोलले तेव्हा त्यांचा आवाज अगदी साधा होता.

"मले आता कायचीच चव नाही लागत, पुष्पा. दोन वर्षं झाली. भाजीत मीठ हाय का नाही, ते बी नाही समजत. मी आठवणीनं म्हटलं गोड." त्यांनी तळहात मांडीवर पुसला. "तुमी मले सांगाचं होतं. काय झालं असतं? एक रात नसतो जेवलो."

एक जेवण. त्या घराने एक जेवण वाचवलं होतं.

"जितू," म्हातारा म्हणाला. "बोल."

जितेंद्र शेडच्या मधोमध आला, बरोबर त्याच जागी. कामगार हातातलं काम टाकून उभे होते. तो जमिनीकडे बघत काहीतरी बोलला.

"साहेब," दादाजी शांतपणे म्हणाला. बावीस वर्षांत त्याने मालकाला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. "त्या दिवशी तुमचं बोलणं गेटपर्यंत आयकू गेलतं. आज इथं बी नाही येऊन राहिलं."

जितेंद्रने मान वर केली. चेहरा घामाने का कशाने ओला झाला होता.

"सिलं मनोहररावांनीच तोडली," तो म्हणाला, आणि आता ते गेटपर्यंत गेलं. "तोडली म्हून त्या अकरा मोटरी वाचल्या. बाकीच्या आमच्या पाण्यानं मेल्या. मी त्याईले चोर म्हटलं. थे चोर नव्हते. मी... मीच त्याईले गेटच्या बाहेर काढलं, म्हून थे एकटे गेले." पुढे त्याला बोलता येईना. तो तिथेच खाली बसला, आणि त्याला उठवायला कुणी पुढे आलं नाही, मयुरासुद्धा नाही.

गणपतरावांनी काठीने ड्रम दाखवला. "सांडा."

दोघांनी ड्रम आडवा केला. टाकळीचं पाणी शेडच्या उतारावरून नालीकडे गेलं. फरशी उन्हाने इतकी तापली होती, की मागे लगेच पांढरट डाग उमटू लागले.

"शामला," म्हातारा म्हणाला, आणि आता पहिल्यांदा त्याचा आवाज कापला. "मनोहरची कॅन दे. पयल्या मोटरीले त्याचं पाणी पाजू. त्याचा मान हाय."

सगळ्यांना ते पटलं. दादाजीने टोपी काढली. मयुराने पहिल्या मोटरीचं झाकण उघडून हात पुढे केला. इतकं नीट, इतकं शोभेलसं होतं ते, की कुणालाही वाटावं, झालं, आता सगळं जागेवर आलं.

शामलाने कॅन पोटाशी धरली.

"नाही," ती म्हणाली.

"पोरी—"

"हे पाणी तासभर त्याच्याजवळ होतं, बाबा. हातभर दूर. थो जिता होता तवा. तुमच्या सगळ्याईची लाज झाकाले नेलं होतं त्यानं हे." तिचा आवाज चढला नाही. "हे त्याच्या तोंडात पडाले पाह्यजे होतं. मोटरीले नाही पाजत मी हे."

ती गेटकडे निघाली. दहा लिटरच्या वजनाने एका बाजूला कलत, मध्ये दोनदा हात बदलत. पुष्पलताबाई चार पावलं मागे गेल्या, "शामल, मी येते," म्हणाल्या. शामलाने मागे पाहिलं नाही. बाहेर ऑटो थांबल्याचा आवाज आला, मग गेल्याचा.

शेवटी दादाजीने नळाला नळी लावली आणि मोटरी एकेक करून भरल्या. गणपतराव रिकामा लोटा घेऊन बसून होते. पहिल्या मोटरीपाशी सगळ्यांनी सवयीने त्यांच्याकडे पाहिलं, पण 'पी माय' म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही.